कवकांची भित्तिका आणि मानवी प्रतिकारशक्ती : शर्करांच्या ओळखीचा प्रश्न

१. प्रास्ताविक

खरिपाच्या ज्वारीचा दाणा भरत असताना पाऊस लांबला, म्हणजे मुरुम-उमरग्याकडील शेतकऱ्याच्या हाती काळवंडलेली कणसे येतात. दाण्यावर गुलाबी, करडी वा काळी बुरशी धरलेली असते. ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली असता फ्युजेरियम, कर्व्ह्युलेरिया, आल्टर्नेरिया, अ‍ॅस्परजिलस ह्या प्रजाती वारंवार आढळून येतात. आता दुसरे दृश्य पाहावे. मळणीच्या दिवसांत डोळ्यात कुसळ जाऊन बुबुळ दुखावलेला शेतमजूर नेत्रतज्ज्ञाकडे येतो. त्याच्या व्रणाची खरवड तपासली, तर भारतात तीतून बहुधा जी कवके निघतात, त्यांतही फ्युजेरियम, अ‍ॅस्परजिलस आणि कर्व्ह्युलेरिया हीच नावे अग्रभागी असतात. कणसावरील बुरशी आणि डोळ्यातील बुरशी ह्यांमधील अंतर इतके थोडे आहे, एका कुसळाचे.

ह्यातून एक प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. सुगीच्या दिवसांत खळ्यावर वावरणारा प्रत्येक मनुष्य असंख्य बीजाणू श्वासाबरोबर आत घेतो. नुसत्या अ‍ॅस्परजिलसचेच शेकडो बीजाणू प्रत्येक माणसाच्या फुफ्फुसात रोज जात असावेत, असा अंदाज आहे. असे असता बहुतेक लोक निरोगी राहतात, काहींना दम लागतो, काहींचा डोळा जातो आणि क्वचित एखाद्याचा प्राणही जातो. हा फरक कशाने पडतो? ह्याचे संपूर्ण उत्तर एका लेखात देता येण्याजोगे नाही. परंतु त्या उत्तराचा एक मोठा भाग कवकाच्या पेशीभित्तिकेतील शर्करांमध्ये आहे, हे गेल्या पाव शतकातील संशोधनाने निश्चित झाले आहे. ह्या शर्करा कोणत्या, शरीर त्या कसे ओळखते, कवक त्या कसे लपविते, आणि ह्या लपंडावाचा रोगनिदानाशी व औषधांशी काय संबंध आहे, ह्याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

२. एकच ग्लुकोज, तीन बंध

रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला ठाऊक असलेल्या एका गोष्टीपासून आरंभ करणे सोयीचे होईल. ज्वारीच्या दाण्यातील स्टार्च ग्लुकोजच्या रेणूंचे बनलेले असते आणि त्यातील मुख्य बंध अल्फा-१,४ असा असतो. त्याच ज्वारीच्या कडब्यातील सेल्युलोजही ग्लुकोजचेच असते. मात्र त्यातील बंध बीटा-१,४ असतो. भाकरी माणसाला पचते आणि कडबा पचत नाही, ह्याचे कारण ह्या एका बंधात आहे. बैलाला कडबा पचतो तो देखील त्याच्या कोठ्यातील सूक्ष्मजीवांच्या कृपेने. आता त्याच दाण्यावर वाढलेल्या बुरशीची भित्तिका घेतली, तर तिचा सांगाडाही मोठ्या प्रमाणात ग्लुकोजचाच आहे, असे दिसून येईल. परंतु येथे मुख्य बंध बीटा-१,३ असतो व त्याला ठिकठिकाणी बीटा-१,६ बंधांनी फाटे फुटलेले असतात. ह्या बहुशर्करेस बीटा-ग्लुकॅन म्हणतात.

मनुष्याच्या शरीरात बीटा-१,३-ग्लुकॅन तयार होत नाही. ते तयार करणारे विकरच आपल्याजवळ नाही. म्हणून हा बंध रक्तात किंवा ऊतकात आढळणे, ही परकीय जीव आत शिरल्याची खूण ठरते. घरातल्या माणसाच्या पावलांचे ठसे ओळखीचे असतात. अनोळखी ठसा दिसला, की घरधनी सावध होतो. बीटा-ग्लुकॅन हा अशा प्रकारचा ठसा आहे.

भित्तिकेतील दुसरा घटक कायटिन. अ‍ॅसिटिल ग्लुकोसामाइनच्या बीटा-१,४ बंधांनी जोडलेल्या ह्या साखळ्या एकमेकींना घट्ट बिलगून राहतात आणि भित्तिकेला ताठपणा देतात. खेकड्याचे कवच व किडीची त्वचा ह्यांनाही हाच पदार्थ कठीणपणा आणतो. तिसरा घटक मॅनन, म्हणजे मॅनोज शर्करेची शाखायुक्त साखळी. कॅन्डिडा ह्या किण्वामध्ये हे मॅनन प्रथिनांना जोडलेले असते व भित्तिकेच्या सर्वांत बाहेरच्या थरात ते केसाळ आच्छादनासारखे पसरलेले असते. कॅन्डिडाच्या भित्तिकेत स्थूलमानाने निम्म्याहून अधिक भाग बीटा-ग्लुकॅनचा, एकतृतीयांशाहून थोडा अधिक मॅननयुक्त प्रथिनांचा, आणि अगदी थोडा कायटिनचा असतो. अ‍ॅस्परजिलससारख्या तंतुमय कवकांत कायटिनचे प्रमाण अधिक असून बाहेरच्या बाजूस मॅननऐवजी गॅलॅक्टोमॅनन, अल्फा-१,३-ग्लुकॅन इत्यादी शर्करा आढळतात.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवणे अवश्य आहे. भित्तिका ही मृत भिंत नव्हे. कवक वाढते, फुगते, अंकुरते, तंतू सोडते, आणि त्या प्रत्येक अवस्थेत भित्तिकेची घडण बदलत असते. पुढील सर्व विवेचन ह्या एका वस्तुस्थितीवर अवलंबून आहे.

३. झायमोसानची कथा

कवकाच्या भित्तिकेने रक्तावर परिणाम होतो, ही कल्पना नवी नाही. बेकरीतील किण्वाच्या भित्तिकेपासून काढलेल्या अविद्राव्य पदार्थाला १९४१ साली पिलेमर व एकर ह्यांनी झायमोसान असे नाव दिले. हा पदार्थ ताज्या रक्तद्रवात मिसळला असता पूरक प्रथिनांपैकी एक घटक नाहीसा होतो, असे आढळून आले होते. क्लीव्हलंड येथील लुई पिलेमर ह्यांनी ह्या प्रश्नाचा पिच्छा पुरविला आणि १९५४ साली प्रॉपर्डिन नावाच्या एका नव्या रक्तप्रथिनाची घोषणा केली. त्यांचे प्रतिपादन असे होते, की प्रतिपिंडांची मदत नसतानाही रक्तातील पूरक प्रथिने झायमोसानसारख्या पृष्ठभागावर आपोआप कार्यान्वित होऊ शकतात.

त्या काळी हे मत पुष्कळांस पटले नाही. झायमोसानविरुद्धचे प्रतिपिंड निरोगी माणसाच्या रक्तातही अल्प प्रमाणात असतात, आणि पिलेमर ह्यांना दिसलेला परिणाम त्यांच्यामुळेच घडत असावा, असा आक्षेप घेतला गेला. १९५७ साली पिलेमर ह्यांचा मृत्यू झाला. पुढे दशकभराने नव्या तंत्रांनी प्रॉपर्डिन शुद्ध स्वरूपात मिळाले आणि पूरक प्रथिनांचा हा दुसरा, म्हणजे पर्यायी, मार्ग सर्वमान्य झाला. आज पाठ्यपुस्तकात दोन ओळींत संपणाऱ्या ह्या सिद्धांताचा आरंभ किण्वाच्या भित्तिकेतील शर्करांपासून झाला होता, ह्याचे स्मरण विद्यार्थ्यांनी ठेवावे.

ह्या मार्गाने कवकाच्या पृष्ठभागावर सी-३ ह्या पूरक प्रथिनाचे तुकडे चिकटतात व त्या खुणेवरून भक्षकपेशी त्याला पकडतात. परंतु झायमोसान रक्तद्रवावाचूनही भक्षकपेशींना उद्दीपित करते, हेही दिसत होते. तेव्हा पेशीच्या स्वतःच्या पृष्ठभागावर ह्या शर्करांना ओळखणारे काहीतरी असले पाहिजे, हे उघड होते. ते काय आहे, हे कळावयास मात्र एकविसावे शतक उजाडावे लागले.

४. ओळखणारे ग्राही

२००१ साली ऑक्सफर्ड येथील गॉर्डन ब्राउन व सायमन गॉर्डन ह्यांनी महाभक्षकपेशींवरील डेक्टिन-१ हा रेणू बीटा-ग्लुकॅनचा ग्राही असल्याचे दाखवून दिले. हा रेणू पेशीच्या आवरणात रोवलेला असून त्याचे एक टोक बाहेर शर्करा धरते आणि दुसरे आत संदेश देते. आतील साखळी पुढीलप्रमाणे आहे. डेक्टिन-१ बीटा-ग्लुकॅनला चिकटला, की सिक नावाचे विकर कार्यप्रवण होते. त्याच्याद्वारे कार्ड-९ हे जोडप्रथिन जागे होते. आणि शेवटी पेशीकेंद्रातील जनुकांना सायटोकाइने तयार करण्याची आज्ञा मिळते. ह्या सायटोकाइनांपैकी इंटरल्युकिन-१, ६ आणि २३ ह्यांच्या प्रभावाने टी-लसिकापेशींचा एक विशिष्ट गट तयार होतो. तो इंटरल्युकिन-१७ स्रवतो आणि न्यूट्रोफिल ह्या श्वेतपेशींना कवकाच्या ठिकाणी बोलावून आणतो. कवकांविरुद्धच्या लढाईत न्यूट्रोफिल हेच खरे शिपाई होत.

डेक्टिन-१ हा एकटा नाही. डेक्टिन-२ हा ग्राही मॅननच्या अल्फा-बंधांना ओळखतो. मॅनोज-ग्राही, पूरक-ग्राही-३ आणि टोलवर्गातील काही ग्राही ह्यांचाही ह्या कामात वाटा आहे. एकाच कवकाला अनेक हातांनी धरण्याची ही व्यवस्था आहे, आणि तिचे महत्त्व माणसांतील जनुकीय दोषांवरून फार स्पष्टपणे कळून येते. २००९ साली दोन कुटुंबांचा अभ्यास एकाच वेळी प्रसिद्ध झाला. त्यांपैकी एका डच कुटुंबात डेक्टिन-१ च्या जनुकात असा दोष होता, की ग्राही पेशीपृष्ठावर नीट येतच नव्हता. त्या कुटुंबातील स्त्रियांना योनिमार्गाचा कॅन्डिडा-संसर्ग व नखांचा कवकसंसर्ग पुनःपुन्हा होई. परंतु प्राणावर बेतेल असे काही घडत नसे. दुसरे कुटुंब इराणमधील होते. त्यात कार्ड-९ मध्ये दोष होता आणि तेथे मात्र कॅन्डिडा मेंदूपर्यंत पोहोचून मृत्यू घडले होते.

दोहोंतील भेद बोलका आहे. एक ग्राही नसला तर इतर ग्राही त्याची उणीव बऱ्याच अंशी भरून काढतात. परंतु अनेक ग्राहींचे संदेश ज्या एका ठिकाणी एकवटतात, ते ठिकाणच नादुरुस्त झाले, तर पर्याय उरत नाही. गावातली एक वाट बंद झाली तर दुसरीने जाता येते; पण सर्व वाटा ज्या पुलावर मिळतात तो पूल खचला, म्हणजे गाव तुटतो.

येथे आणखी एक सूक्ष्म प्रश्न आहे. मेलेल्या कवकांचे विरघळलेले ग्लुकॅन रक्तात तरंगत असले, तर भक्षकपेशीने त्याच्यावर आपली शक्ती का खर्च करावी? ती तशी करीत नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे दिसून आले, की विद्राव्य ग्लुकॅन डेक्टिन-१ ला चिकटते खरे, परंतु संदेश सुरू होत नाही. ग्लुकॅन घन कणाच्या पृष्ठभागावर असेल, तरच पेशी त्या कणाला घट्ट बिलगते आणि त्या स्पर्शाच्या जागेतून संदेशाला अडविणारी सीडी-४५ व सीडी-१४८ ही प्रथिने बाजूला सारली जातात. म्हणजे पेशी केवळ शर्करा ओळखत नाही. ती शर्करा शत्रूच्या अंगावर आहे की सुटी वाहत आली आहे, हेही ओळखते. कवकाच्या आकाराचाही तिला अंदाज येतो. लहान किण्वपेशी न्यूट्रोफिल गिळून टाकतो; परंतु गिळता न येणारा लांब तंतू समोर आला, तर तो आपल्याच केंद्रकातील धाग्यांचे जाळे त्याच्यावर फेकतो. ह्या निवडीतही डेक्टिन-१ चा भाग आहे, असे २०१४ सालच्या संशोधनाने दाखविले आहे.

५. लपविण्याच्या युक्त्या

बीटा-ग्लुकॅन ही इतकी ठळक खूण असेल, तर कवकाने ती उघडी ठेवावी हे संभवत नाही. कॅन्डिडाच्या भित्तिकेत ग्लुकॅन आतल्या थरात आणि मॅनन बाहेर, अशी रचना असल्यामुळे ग्लुकॅन बव्हंशी झाकलेले राहते. किण्वपेशीला कळी फुटून ती वेगळी झाली, की त्या जागी राहणाऱ्या व्रणावर मात्र ग्लुकॅन उघडे पडते आणि डेक्टिन-१ ला तेवढी फट पुरते. पुष्कळदा तंतुरूपात असे व्रण नसतात. तेव्हा तंतू ह्या ग्राहीच्या नजरेतून निसटू शकतो.

हिस्टोप्लाझ्मा हे कवक बीटा-ग्लुकॅनवर अल्फा-१,३-ग्लुकॅनचा थर चढविते. क्रिप्टोकॉकस तर सर्व भित्तिकेभोवती ग्लुकुरोनोझायलोमॅनन ह्या बहुशर्करेचे जाड, चिकट संपुट धारण करते आणि भक्षकपेशीला आपल्या अंगाशी येऊच देत नाही.

अ‍ॅस्परजिलसच्या हवेतील बीजाणूंची युक्ती आपल्या सुगीच्या प्रश्नाशी थेट निगडित आहे. ह्या बीजाणूंवर हायड्रोफोबिन नावाच्या जलविरोधी प्रथिनाचे बारीक काड्यांनी विणल्यासारखे आवरण असते व त्याखाली कृष्णरंजकाचा थर असतो. २००९ साली असे सिद्ध झाले, की हे आवरण शाबूत असेपर्यंत प्रतिकारयंत्रणेला बीजाणू जवळजवळ दिसतच नाही. ते काढून टाकले, की तोच बीजाणू पेशींना उद्दीपित करतो. म्हणून खळ्यावरील धुळीतून आत गेलेले बीजाणू, ते सुप्त असेपर्यंत, फुफ्फुसात दाह उत्पन्न करीत नाहीत व भक्षकपेशी त्यांना गाजावाजा न करता नाहीसे करतात. ओलावा व ऊब मिळून एखादा बीजाणू फुगू लागला, तर मात्र आवरण फाटते, बीटा-ग्लुकॅन उघडे पडते आणि न्यूट्रोफिलांना हाक जाते. शरीर प्रत्येक बीजाणूवर शस्त्र उचलीत नाही. जो अंकुरू लागला, त्याच्यावरच उचलते. ही काटकसर नसती, तर सुगी हा तापाचा हंगाम झाला असता.

अर्थात ही व्यवस्था निर्दोष नाही. कुजट वैरण व दमट धान्य ह्यांची धूळ वर्षानुवर्षे नाकातोंडात गेली, तर काहींच्या फुफ्फुसात अतिसंवेदनशीलतेमुळे चिवट दाह होतो व दम लागतो. तेथे दोष बुरशीच्या आक्रमणाचा नसून शरीराच्या प्रत्युत्तराचा असतो.

६. डोळ्यातील व्रण : प्रत्युत्तराची किंमत

प्रत्युत्तराची किंमत सर्वांत स्पष्ट दिसते ती डोळ्यात. बुबुळावरील पारदर्शक पडदा, म्हणजे पारपटल, ह्याची सर्व उपयुक्तता त्याच्या पारदर्शकतेत आहे. काडीने वा कुसळाने त्याला ओरखडा पडून बीजाणू आत रुजले व तंतू फुटले, की तेथील भक्षकपेशी बीटा-ग्लुकॅन ओळखतात आणि न्यूट्रोफिलांचा लोंढा येतो. तमिळनाडूतील फ्युजेरियम व अ‍ॅस्परजिलसच्या रुग्णांच्या व्रणांतील पेशींचा जो अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला, त्यात न्यूट्रोफिलांचेच प्राबल्य आढळले. डेक्टिन-१, इंटरल्युकिन-१ व इंटरल्युकिन-१७ ह्यांची जनुकेही तेथे अधिक कार्यशील होती. न्यूट्रोफिल ज्या विकरांनी कवक मारतात, त्याच विकरांनी पारपटलाचे तंतुमय प्रथिनही विरघळते. व्रण भरला तरी मागे पांढरा डाग राहतो. ‘डोळ्यात फूल पडले’ असे आपल्याकडे म्हणतात, ते पुष्कळदा अशा लढाईचे रणांगण असते.

येथे वैद्यकाच्या दृष्टीने मोठा पेच आहे. दाहामुळे डोळा जातो, म्हणून दाह शमविणारे स्टिरॉइडचे थेंब घालावेत, असा मोह होतो. आणि लाल डोळ्यासाठी असे थेंब कोणाच्या तरी सांगण्यावरून आणून घातलेही जातात. परंतु कवक जिवंत असताना न्यूट्रोफिलांना आवरले, तर तंतूंना मोकळे रान मिळते व ते खोलवर शिरतात. म्हणून प्रथम कवक निश्चित करणे व त्यावर औषध देणे हाच क्रम योग्य होय. मदुराई येथील अरविंद नेत्ररुग्णालयाच्या सहभागाने झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या तौलनिक चाचणीत नॅटामायसिन हे जुने औषध व्होरिकोनॅझोल ह्या नव्या औषधाहून, विशेषतः फ्युजेरियमच्या बाबतीत, सरस ठरले. काडी लागून डोळा दुखावला असता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जाणे आणि स्वतःच्या मनाने थेंब न घालणे, हा ह्या सर्व सूक्ष्म विवेचनाचा अगदी साधा व्यावहारिक निष्कर्ष आहे.

७. १९२१ नव्हे, २०२१ : म्युकरमायकोसिसचा धडा

कवकसंसर्गाने महाराष्ट्रात असा हाहाकार उडावा, ही गोष्ट एखाद्या जुन्या काळातील साथीच्या इतिहासात शोभली असती. पण ती घडली २०२१ साली. कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसचे रुग्ण एकाएकी वाढले. मे महिन्यात केंद्र शासनाने सर्व राज्यांना हा रोग १८९७ च्या साथरोग कायद्याखाली अधिसूचित करण्याची सूचना दिली. जुलैपर्यंत देशात ४५,००० हून अधिक रुग्ण व ४,३०० हून अधिक मृत्यू नोंदले गेल्याचे संसदेत सांगण्यात आले. त्यांत महाराष्ट्राचा आकडा सर्वाधिक होता. त्याआधी, २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर ह्या काळातील १६ रुग्णालयांच्या एकत्रित अभ्यासात २८७ रुग्ण आढळले होते व त्यांपैकी १८७ कोविडशी संबंधित होते. अनियंत्रित मधुमेह व स्टिरॉइडांचा अयोग्य वापर ही मुख्य कारणे त्यात दिसून आली.

ह्या रोगाला ‘काळी बुरशी’ हे नाव पडले, ते शास्त्रदृष्ट्या चुकीचे आहे. म्युकरवर्गीय कवकांचे तंतू ऊतकात काळे नसतात. ते रक्तवाहिन्यांत शिरून रक्ताच्या गुठळ्या करतात, त्यामुळे पुढचे ऊतक मरते आणि काळे पडते. काळेपणा बुरशीचा नव्हे, मृत मांसाचा.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही, की म्युकरवर्गाची भित्तिका शर्करांच्या बाबतीत निराळी आहे. १९६२ साली बार्टनिकी-गार्सिया व निकर्सन ह्यांनी म्युकर राउक्सीच्या भित्तिकेचे पृथक्करण केले, तेव्हा तीत कायटिनच्या तिपटीहून अधिक कायटोसान, म्हणजे अ‍ॅसिटिलगट काढून टाकलेले कायटिन, आढळले. शिवाय ग्लुकुरोनिक आम्ल व फ्युकोज असलेल्या बहुशर्कराही मिळाल्या. बीटा-१,३-ग्लुकॅन मात्र ह्या वर्गात फार अल्प असते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुकुंद देशपांडे व त्यांचे सहकारी ह्यांनी ह्याच वर्गातील बेंजामिनिएला ह्या कवकाच्या किण्वरूपातून तंतुरूपात होणाऱ्या बदलाचा आणि त्यातील कायटिन व कायटोसान ह्यांच्या उलाढालीचा दीर्घकाळ अभ्यास केला. साथ येण्यापूर्वी असा अभ्यास केवळ तात्त्विक वाटला असेल. साथ आल्यावर त्याचे मोल कळले.

कारण ह्या निराळ्या भित्तिकेचे परिणाम रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचतात. आक्रमक कवकरोग ओळखण्यासाठी रक्तातील बीटा-ग्लुकॅन व गॅलॅक्टोमॅनन मोजण्याच्या चाचण्या आहेत. त्यांपैकी पहिलीचा उगम नालखेकड्याच्या रक्तात आहे. त्याच्या रक्तपेशींतील एक घटक बीटा-ग्लुकॅनच्या स्पर्शाने रक्त गोठवू लागतो. परंतु म्युकरमायकोसिसमध्ये ह्या दोन्ही चाचण्या सामान्यतः नकारार्थी येतात. चाचणी नकारार्थी आली म्हणून कवक नाही, असे समजणारा वैद्य येथे फसतो. उलट बाजूने पाहता, रुग्णाला डायलिसिस झाले असेल किंवा शस्त्रक्रियेत कापसाची जाळी वापरली असेल, तर कवक नसतानाही बीटा-ग्लुकॅनची चाचणी होकारार्थी येऊ शकते. कोणत्या कवकात कोणती शर्करा आहे आणि ती आणखी कोठून येऊ शकते, हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच चाचणीच्या उत्तराचा अर्थ लावता येतो.

औषधांचेही तसेच आहे. बीटा-ग्लुकॅन तयार करणाऱ्या विकराला थोपविणारी कॅस्पोफंजिनवर्गीय औषधे २००१ पासून वापरात आली. मानवी पेशींत हे विकरच नसल्यामुळे ती बरीच निर्धोक आहेत. परंतु म्युकर, फ्युजेरियम व क्रिप्टोकॉकस ह्यांच्यावर ती एकटी उपयोगी पडत नाहीत. म्हणून २०२१ मध्ये अ‍ॅम्फोटेरिसिन-बी हेच मुख्य औषध राहिले व त्याचा सर्वत्र तुटवडा भासला. हे औषध भित्तिकेवर नव्हे, तर तिच्या आतील पेशीआवरणातील अर्गोस्टेरॉलवर कार्य करते. ह्याच कुळातील हॅमायसिन हे औषध १९६१ च्या सुमारास पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्समध्ये एम. जे. तिरुमलाचार व सहकाऱ्यांनी शोधले होते आणि ज्या जिवाणूपासून ते मिळाले, त्याला पिंपरीवरूनच स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना असे नाव दिले होते, हे येथे नमूद करणे योग्य होईल.

आता मधुमेहाचा संबंध पाहू. निरोगी शरीरात म्युकरचे बीजाणू भक्षकपेशींत अडकून राहतात; न्यूट्रोफिल अंकुरलेल्या तंतूंचा नाश करतात. रक्तातील साखर व आम्लता वाढली, की न्यूट्रोफिलांची हालचाल व मारकशक्ती मंदावते. वाहक प्रथिनाला बांधलेले लोह सुटे होऊन कवकाला मिळते. आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरावरील जीआरपी-७८ ह्या ग्राहीचे प्रमाण वाढते. कवकावरील कॉट-एच-३ हे प्रथिन ह्याच ग्राहीला धरून आत शिरते. त्यात स्टिरॉइडांनी एकीकडे साखर वाढविली व दुसरीकडे प्रतिकार दडपला, म्हणजे तिन्ही दारे एकदम उघडतात. ह्या ठिकाणी कवकाची किल्ली प्रथिनाची आहे, शर्करेची नव्हे. शर्करांनी सर्व काही उलगडते असा समज करून घेणे म्हणूनच बरोबर ठरणार नाही.

८. स्मृती आणि तिची मर्यादा

बीटा-ग्लुकॅनविषयी आणखी एक शोध विचार करण्याजोगा आहे. स्मृती ही लसिकापेशींचीच मक्तेदारी, असे दीर्घकाळ मानले जाई. २०१२ साली नेदरलंड्समधील संशोधकांनी दाखविले, की बीटा-ग्लुकॅनचा एकदा स्पर्श झालेल्या मोनोसाइट पेशी पुढे दुसऱ्याच उद्दीपकाला अधिक जोराने प्रतिसाद देतात. डीएनएभोवतीच्या हिस्टोन प्रथिनांवरील रासायनिक खुणा बदलल्यामुळे हे घडते. ह्या घटनेस ‘प्रशिक्षित प्रतिकारशक्ती’ असे नाव मिळाले असून बी.सी.जी. लशीच्या बाबतीतही ती आढळते.

ह्या शोधाच्या आधाराने ‘प्रतिकारशक्ती वाढविणारी’ म्हणून अळिंबीची वा किण्वाची चूर्णे बाजारात विकली जातात. त्यांविषयी सावध असावे. ग्लुकॅन विद्राव्य आहे की कणरूप, त्याच्या शाखा किती, साखळी किती लांब, ते तोंडाने घेतले की अन्य मार्गाने, ह्यांनुसार परिणाम पालटतो, हे वर आलेच आहे. शिवाय दाह वाढणे म्हणजे आरोग्य वाढणे नव्हे; पारपटलाच्या व्रणाचे उदाहरण वाचकांच्या स्मरणात असेलच.

९. समारोप

वरील विवेचनाचा इत्यर्थ असा. कवकाच्या भित्तिकेतील शर्करा ही शरीराला मिळणारी पहिली वार्ता आहे. ती वेळेवर आणि योग्य प्रमाणात मिळाली तर संरक्षण होते; मिळाली नाही तर आक्रमण होते; आणि अतिरेकाने मिळाली तर संरक्षणच विध्वंसक ठरते. कवक ही वार्ता दडविते, वैद्य तीच वार्ता चाचणीने शोधतो, आणि औषध ती वार्ता निर्माण करणारे यंत्र मोडू पाहते. अत्यल्प मात्रेतील कॅस्पोफंजिनने कॅन्डिडावरील ग्लुकॅन उघडे पडून भक्षकपेशींना तो अधिक सहज दिसू लागतो, असे २००६ साली दिसून आले. औषध आणि प्रतिकारशक्ती एकमेकांना साहाय्य कसे करतात, ह्याचे ते सुंदर उदाहरण होय.

हा अभ्यास केवळ मोठ्या शहरांतील प्रयोगशाळांनीच करावा, असे नाही. व्रणाच्या खरवडीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा एक थेंब टाकला, की मानवी पेशी विरघळतात आणि कायटिनयुक्त भित्तिका शिल्लक राहते. कॅल्कोफ्लुअर हा रंजक मिसळला, तर तीच भित्तिका अतिनील प्रकाशात निळी चमकते. रुंद, फितीसारखे, क्वचित पडदे असलेले व काटकोनाकडे झुकणाऱ्या कोनात फुटणारे तंतू म्युकरवर्गाचे. अरुंद, नियमित पडदे असलेले व लघुकोनात फुटणारे तंतू अ‍ॅस्परजिलसचे. हा भेद ओळखावयास एक साधा सूक्ष्मदर्शक आणि शिकविलेली नजर पुरते. कवकाची जाती पक्की करावयाची झाल्यास पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत राष्ट्रीय कवकसंग्रह आहेच.

धाराशिवसारख्या जिल्ह्यात वनस्पतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र व रसायनशास्त्र ह्या विषयांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपुढे म्हणून एक सोपा दिसणारा पण अत्यंत उपयुक्त प्रश्न ठेवावासा वाटतो : सुगीच्या महिन्यांत खळ्यावरील हवेत कोणत्या प्रजातींचे बीजाणू किती असतात, त्याच कणसांवर कोणती कवके वाढतात, आणि त्याच महिन्यांत जवळच्या नेत्ररुग्णालयांत येणाऱ्या व्रणांतून कोणती कवके निघतात? ह्या तीन याद्या शेजारी शेजारी मांडल्या, तर कणसापासून डोळ्यापर्यंतची वाट आपल्या डोळ्यांना दिसू लागेल. आणि ती दिसली, म्हणजे ती कोठे अडवावी हेही समजेल.